निखाऱ्यावरचे अन्न : बुलढाणा जिल्ह्यातील भाजण्याचे ऋतुचक्र

माणसाने अन्न शिजविण्याच्या आधी ते भाजले. भांडे पुष्कळ नंतर आले. विस्तव आधी होता. म्हणून भाजणे ही पाककलेतील पहिली इयत्ता होय, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु पहिली इयत्ता म्हणजे सोपी इयत्ता नव्हे. पाण्यात शिजणाऱ्या पदार्थाला पाणीच सांभाळून घेते, कारण पाणी उकळले की त्याची उष्णता त्यापुढे चढत नाही. निखाऱ्यावरच्या पदार्थाला असा कोणी पाठीराखा नसतो. तेथे भाजणाऱ्याची नजर, हात आणि धीर यांवरच सारे अवलंबून असते.

अलीकडे शहरांतून ‘बार्बेक्यू’ हा शब्द रूढ झाला आहे. कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोक लाकडी माचणावर मांस भाजत. त्या माचणाच्या नावावरून स्पॅनिश भाषेत ‘बार्बाकोआ’ हा शब्द आला आणि पुढे तो जगभर गेला. शब्द परका असला तरी वस्तू आपल्याला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मांसाचे तुकडे शिगेला टोचून निखाऱ्यावर भाजण्याची कृती दिलेली आहे. पण इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही गावी वर्षभर डोळे उघडे ठेवून राहिले तर आषाढातील कणसापासून वैशाखातील कैरीपर्यंत निखाऱ्यावरच्या अन्नाचे एक पूर्ण ऋतुचक्र दृष्टीस पडते. प्रस्तुत लेखात या चक्राचा, त्यामागील शास्त्राचा आणि त्यातून आज काय निसटू लागले आहे याचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

विस्तवाची भाषा

ज्या गोष्टीशी माणसाचा रोजचा संबंध असतो तिच्यासाठी भाषेत शब्दांची श्रीमंती असते. अग्नी हा पोथीतला शब्द झाला. घरातला शब्द विस्तव. धूर सरून लाल झालेला तुकडा तो निखारा किंवा इंगळ. अर्धवट जळालेले लाकूड ते कोलीत. वर राख आणि आत धग असलेला तो फुफाटा. भाजण्याच्या क्रियाही एकसारख्या नाहीत. भाकरी शेकतात, वांगे भाजतात, पापडाला नुसती धग दाखवितात. नीट भाजले ते खरपूस, थोडे चुकले की करपले, आणि बाहेरून जळून आत कच्चे राहिले ते होरपळले. एवढे बारकावे दाखविणारी भाषा केवळ वर्णन करीत नाही. ती स्वयंपाक शिकविते.

‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. आग सोडून राखेत पडणे हे अधिक वाईट कसे, असा प्रश्न मात्र क्वचितच पडतो. आग दिसते, म्हणून माणूस तिच्यापासून दूर राहतो. फुफाटा दिसावयाला थंड, पण आत तासन्‌तास तापलेला असतो. फसवणुकीचे हे उदाहरण म्हणीने नेमके पकडले आहे. गंमत अशी की, म्हणीत जो फुफाटा संकट आहे तोच स्वयंपाकात वरदान आहे. जाळावर ठेवलेले रताळे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे राहते. फुफाट्यात पुरलेले रताळे सालीसकट एकसारखे मऊ होते.

दुसरा वाक्प्रचार ‘दोघांत विस्तव जात नाही’ हा. काडेपेटी घरोघर होण्यापूर्वी रात्री निखारा राखेत जपून ठेवीत. तो विझला तर सकाळी शेजारणीकडून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव आणीत. ज्या दोन घरांत हा व्यवहारही बंद झाला त्यांचे वैर पराकोटीला गेले, असे समजावे. आपल्याच जिल्ह्यातील एक कथा या संदर्भात आठवते. श्रीगजानन महाराज १८७८ साली शेगावी प्रकट झाले. त्यानंतरचा एक प्रसंग दासगणूंनी ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात वर्णिला आहे. अक्षय्यतृतीयेच्या दिवशी महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव मागावयास मुले जानकीराम सोनाराकडे गेली. सणाच्या दिवशी विस्तव द्यावयाचा नसतो म्हणून त्याने तो नाकारला, आणि पुढे विस्तवावाचूनच चिलीम पेटली. चमत्काराचा भाग श्रद्धेवर सोपविला तरी समाजाच्या अभ्यासकाला या कथेत एक गोष्ट स्पष्ट दिसते. विस्तव मागणे हा नित्याचा शेजारधर्म होता, आणि तो नाकारणे ही लक्षात राहण्यासारखी घटना होती.

निखाऱ्याचे शास्त्र

लाकूड पेटते तेव्हा प्रत्यक्षात एकामागून एक तीन क्रिया घडतात. प्रथम आतील पाणी वाफ होऊन जाते. नंतर सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला लाकडाचे विघटन होऊन त्यातून वायू व डांबरासारखे द्रव्य बाहेर पडते. याच वायूची ज्वाला होते आणि न जळलेल्या भागाचा धूर होतो. शेवटी उरतो तो बहुतांशी कार्बन. त्याला ज्वाला नाही, धूर जवळजवळ नाही. तो शांतपणे लाल होऊन जळत राहतो. हाच निखारा.

लाकडाला पुरेशी हवा मिळू न देता मातीखाली धुमसत ठेवले तर पहिल्या दोन क्रिया पूर्ण होतात आणि तिसरी थांबते. उरतो तो लाकडी कोळसा. लोणारी समाजाचा मीठ व चुना यांबरोबर हाही एक परंपरागत व्यवसाय होता. जुन्या पद्धतीच्या भट्टीत पाच ते सात किलो लाकडापासून जेमतेम एक किलो कोळसा मिळतो. मात्र वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून साधारण ३,५०० ते ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, तर चांगल्या कोळशाच्या एका किलोतून सुमारे ७,०००. बाभळीसारख्या जड लाकडाचा कोळसा सावकाश जळतो आणि धग टिकवितो. हलक्या लाकडाचा कोळसा भसकन पेटून लवकर राख होतो.

ज्वालेची उष्णता मुख्यत्वे तापलेल्या हवेबरोबर वर जाते. निखाऱ्याची उष्णता किरणांच्या रूपाने सर्व बाजूंना फेकली जाते. हे अदृश्य तापकिरण विल्यम हर्षेल याने १८०० साली प्रथम ओळखले. या किरणांनी पदार्थाचा पृष्ठभाग चटकन तापतो, त्यावरचे पाणी उडते आणि साधारण १४० अंशांच्या पुढे त्यातील शर्करा व प्रथिनांचे घटक यांच्यात क्रिया सुरू होऊन तांबूस रंग व खमंग वास निर्माण होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय माईयार याने १९१२ साली या क्रियेचे प्रथम वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पाण्यात उकडलेल्या कणसाला हा वास येत नाही. कारण १०० अंशांवर ही क्रिया फार मंद असते. भाजलेल्या शेंगेचा सुगंध गल्लीच्या टोकापर्यंत जातो, त्याचे रहस्य हे असे आहे.

पावसाळा : कणीस आणि शेंगा

आपल्याकडे भाजण्याचे वर्ष पावसाबरोबर सुरू होते असे मानावयास हरकत नाही. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले असल्याने पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव या सपाटीच्या गावांपेक्षा येथे हवा थंड असते. श्रावणातील झिमझिम पावसात बसस्थानकाजवळ कणसाची शेगडी लागली नाही असे सहसा होत नाही. कणीस भाजणारी बाई एका हाताने पंखा हलविते आणि दुसऱ्या हाताने कणीस फिरविते. भाकरी का करपली, घोडा का अडला, पाने का सडली, या जुन्या कोड्याचे एकच उत्तर, ‘न फिरविल्यामुळे’, ती नकळत आचरणात आणीत असते. कणीस कोवळे असावे. नखाने दाबताच दुधासारखा चीक यावा. वर मीठ, तिखट आणि लिंबाची फोड.

पाऊस ओसरता ओसरता भुईमुगाच्या ओल्या शेंगा येतात. त्या ज्वालेवर न भाजता राखमिश्रित निखाऱ्यात टाकाव्यात. टरफल हेच त्यांचे भांडे. मका, भुईमूग, मिरची आणि रताळे ही चारही अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेली पिके आहेत, हे आज सांगूनही खरे वाटत नाही, इतकी ती आपली झाली आहेत. विस्तवाने त्यांना आपलेसे करण्यास हातभार लावला, असे म्हटले तर ते कवित्व ठरू नये.

हिवाळा : हुरडा, भरीत आणि रोडगे

या चक्राचा खरा वैभवकाळ हिवाळा. वऱ्हाडात खरिपाच्या ज्वारीचा हुरडा दिवाळीच्या पुढेमागे येतो, तर रब्बीच्या ज्वारीचा पौषात. हुरडा म्हणजे दुधाळपणा संपून घट्ट होऊ लागलेला, परंतु अद्याप न वाळलेला ज्वारीचा दाणा. या अवस्थेत दाण्यात साखर शिल्लक असते आणि पिष्टही मऊ असते. आठवडाभरात साखरेचे पिष्ट होऊन दाणा कडक होतो. म्हणून हुरड्याचा मोह पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नाही.

शेतात हातभर खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवितात, ही आगटी. जाळ शमून फुफाटा झाला की कणसे त्यात खोचतात. दाणा फुगून हिरवट-तपकिरी झाला की कणीस बाहेर काढून गरम असतानाच तळहातांवर चोळतात, फुंकर घालून कोंडा उडवितात आणि दाणे पाहुण्यांपुढे येतात. सोबत तिळाची किंवा जवसाची चटणी, गूळ, दही, शेवटी ताक. आगटीवरच्या माणसाला स्वतःला खावयास सर्वांत शेवटी मिळते. मात्र त्याच्या तळव्यांची आणि त्याच्या अंदाजाची सर कोणाला येत नाही.

हुरड्यासाठी प्रत्येक ज्वारी चालत नाही. गुळभेंडी, सुरती ही नावे महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत. विदर्भात ‘वाणी’च्या हुरड्याची ख्याती आहे. दाणा बोंडातून सहज सुटला पाहिजे, गोड पाहिजे आणि चोळताना पीठ होता कामा नये. पूर्वी शेतकरी घरच्यांसाठी व सोयऱ्यांसाठी बांधालगत अशा ज्वारीच्या चार ओळी मुद्दाम पेरीत असत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीडीकेव्ही कार्तिकी’ हे हुरड्याचे वाण प्रसारित केले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीस, कांदा व वांगी खाऊन ती चातुर्मासासाठी वर्ज्य करण्याची चाल अनेक घरांत आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीस, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा पानात येते. नेमके याच सुमारास थंडीची वांगी बहरात असतात. आपल्या जिल्ह्याचा मलकापूर-मोताळ्याकडील भाग खानदेशाला लागून आहे. त्यामुळे तिकडच्या भरताचे वळण येथेही आढळते. मोठे, हिरवे, कमी बियांचे वांगे घ्यावयाचे, त्याला दोन-चार ठिकाणी टोचे द्यावयाचे, म्हणजे आतील वाफेने ते फुटत नाही. मग ते पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या जाळावर फिरवून निखाऱ्यावर टेकवावयाचे. साल काळी होते, परंतु आतील गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि धुराचा वास घेतो. नंतर भाजलेली हिरवी मिरची, लसूण यांसह तो ठेचून पातीच्या कांद्याबरोबर परततात. जोडीला कळण्याची भाकरी असली की दुसरे काही लागत नाही. कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी आणि तुरीच्या शेंगा झोडल्यावर उरलेली तुराटी हेच जळण! शेताचा शेवटचा काटकाही वाया न जाऊ देणारी ही व्यवस्था होती.

रोडगे हा वऱ्हाडचा मानबिंदू. गव्हाचे जाडसर पीठ, तेलाचे मोहन, मीठ, ओवा. पीठ घट्ट मळून त्याचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर फिरवून लालसर करावयाचे आणि मग गरम राखेत पुरावयाचे. राख झटकून, फडक्याने पुसून, मोडून तुपात बुडविलेला रोडगा, वरण आणि वांग्याची रस्सेदार भाजी ही पंगत शेतात किंवा देवळाच्या आवारात शोभते. राजस्थानची बाटी आणि बिहारची लिट्टी ही याच कुळातील भावंडे. नवसाचे अन्न म्हणून रोडग्याचे स्थान किती जुने आहे, याची साक्ष एकनाथांच्या भारुडात मिळते. तेथे सासुरवाशीण भवानीआईला रोडग्याचाच नवस बोलते.

माघ-फाल्गुनात हरभऱ्याचे घाटे भरतात आणि गव्हाच्या ओंब्या पिवळ्या होऊ लागतात. हरभऱ्याचे डहाळे झाडासकट पाचोळ्याच्या जाळात भाजले की हुळा होतो. अर्धपक्व कडधान्य भाजून केलेल्या अन्नाला संस्कृतात ‘होलक’ म्हणतात. आपला हुळा त्याच कुळातील दिसतो. खाऊन झाल्यावर प्रत्येकाचे ओठ काळे असतात. त्यामुळे कोणी कोणाला हसावयाचे हा प्रश्न उरत नाही.

उन्हाळा : कैरी, कांदा आणि बिबड्या

उन्हाळ्यात विस्तवाजवळ बसवत नाही, तरी विस्तव सुटत नाही. फुफाट्यात भाजलेल्या कैरीच्या गराचे पन्हे उकडलेल्या कैरीच्या पन्ह्यापेक्षा निराळे लागते. ज्वारीच्या बिबड्या आणि उडदाचे पापड उन्हात वाळतात, पण त्यांना जीव येतो तो निखाऱ्यावर. तळण्यास तेल लागते. भाजण्यास फक्त लक्ष लागते. मांसाहारी घरांत रश्श्याच्या वाटणासाठी कांदा आणि सुके खोबरे निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजतात; वऱ्हाडी रश्श्याचा गडद रंग बराचसा त्यातूनच येतो. शहरांत रमजानच्या संध्याकाळी शिगेवरच्या कबाबांचा वास दरवळतो, तोही याच परिवारातला. आणि ज्याला यातले काहीच जमत नाही त्याने वाटीत एक निखारा ठेवावा, त्यावर तुपाचे चार थेंब व चिमूटभर हिंग-जिरे टाकावे आणि ती वाटी ताकाच्या पातेल्यात तरंगत ठेवून झाकण लावावे. धुंगारलेल्या या ताकात निखाऱ्याची निम्मी विद्या सामावलेली आहे.

घरच्या शेगडीची रीत

शेत नसलेल्या आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनाही अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवर हे साधता येते. लोखंडी शेगडी आणि दोन किलो कोळसा पुरे. खाली वाळक्या काटक्या व गोवरीचा तुकडा, वर कोळशाचा सैल ढीग. घट्ट रचला तर हवा खेळत नाही. रॉकेल ओतू नये. वास पदार्थाला लागतो आणि भडका अंगावर येतो. कोळसा काळा असताना भाजावयास घेणे ही नवशिक्याची घाई. त्यावर राखेचा पांढुरका पापुद्रा आला म्हणजे तो तयार झाला. तळहात वीतभर उंचीवर धरावा. दोन-तीन अंक मोजेपर्यंतच सोसवला तर आच तीव्र. ती पापडाला व कणसाला. पाच-सहा अंक सोसवला तर मध्यम, ती वांग्याला. निखारे एका बाजूस सारले की दुसरी बाजू आपोआप मंद होते. धग अधिक वाटली तर निखाऱ्यावर राख पसरावी, कमी वाटली तर ती झटकावी. काम संपल्यावर उरलेले निखारे झाकणाच्या मडक्यात कोंडावेत. हवा न मिळाल्याने ते विझतात आणि तो कोळसा पुन्हा उपयोगी पडतो.

एक गंभीर सूचना

येथे एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. हिवाळ्याच्या रात्री ऊब मिळावी म्हणून पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपण्याची चूक दरवर्षी कोठे ना कोठे होते आणि तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक आसक्तीने जखडला जातो. माणसाला गुदमरल्याची जाणीवसुद्धा होत नाही. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही त्याची चिन्हे असून ती झोपेत कळत नाहीत. धूर दिसत नाही म्हणून शेगडी निर्धोक, हा समज प्राणघातक आहे. फुफाट्याविषयीची म्हण येथे पुन्हा खरी ठरते. ज्यांच्या वसतिगृहात किंवा शेतातील खोपीत शेगडी आहे त्यांनी एवढे एक वाक्य तरी पाठ करावे : निखारा उघड्यावर, झोप वेगळ्या जागी.

याशिवाय काळा पडलेला, करपलेला भाग खाऊ नये, कारण त्यात आरोग्याला अपायकारक द्रव्ये असतात. ज्ञानगंगा किंवा अंबाबारवा अभयारण्याच्या परिसरात तर सहलीच्या निमित्ताने विस्तव मुळीच करू नये. उन्हाळ्यात एक ठिणगी रानाचा घास घेण्यास पुरेशी असते.

समारोप

या विषयावर लिहिताना जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. रोजची चूल ही हौस नव्हती. ती फुंकताना आपल्या आज्यांचे डोळे आणि फुप्फुसे गेली, जळणाच्या मोळीखाली त्यांच्या माना झुकल्या. आज घरोघर गॅस आला आहे, ही सुधारणाच आहे. चूल परत आणा असे म्हणणाऱ्याने आधी महिनाभर स्वतः ती फुंकून पाहावी.

परंतु रोजची चूल वेगळी आणि ऋतूची आगटी वेगळी. पहिली सक्तीची होती, दुसरी सोबतीची आहे. काळजी वाटते ती या दुसरीची. गेल्या तीन-चार दशकांत आपल्या जिल्ह्यात सोयाबीनने शेते व्यापली आणि ज्वारीचे क्षेत्र आक्रसत गेले. शेतकऱ्याला दोष देता येत नाही; नगदी पैसा, कमी दिवसांचे पीक, पाखरे व रानडुकरांचा त्रास, मजुरांची टंचाई ही कारणे खरी आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. पण वर्ष साजरे झाल्याने बांधावरच्या चार ओळी परत येत नाहीत. हुरडा आता तिकीट काढून खाण्याची वस्तू होऊ लागला आहे. विकत घेतलेल्या हुरड्याची चव कदाचित तीच असेल; मात्र पाहुण्यांना आधी देऊन स्वतः शेवटी खाणारा आगटीवरचा माणूस तिकिटात मिळत नाही.

मग आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी येत्या हंगामात बांधालगत वाणीच्या चार ओळी पेरण्याचा आग्रह घरी धरावा. आणि प्रत्येकाने आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून रोडगा राखेत किती वेळ ठेवावयाचा, हुरड्याचे कणीस केव्हा काढावयाचे, हे विचारून लिहून ठेवावे. ही विद्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. ती तळहातांवर आहे, आणि ते तळहात थकत चालले आहेत. ‘दोघांत विस्तव जात नाही’ हा वाक्प्रचार भाषेत टिकला, पण शेजाऱ्याकडून विस्तव आणणे संपले. हुरड्याच्या बाबतीतही केवळ शब्द उरावा आणि वस्तू जावी, अशी पाळी आपल्या पिढीवर येऊ नये, एवढीच अपेक्षा.